गॉलवेत मुक्काम कुठे करावा: आधी रात्रीचा विचार करा, मग नकाशाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही इंग्लंडात राहता, मुलीच्या शाळेला सुट्टी लागली की जुलैच्या शेवटी चार रात्री आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवेला जायचंय, तुम्ही दोघं, सहा वर्षांची लेक आणि सांगलीहून आलेले सासू-सासरे, सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, डब्लिन एअरपोर्टवरूनच गाडी घ्यायचा विचार, आणि राहायचं एअर स्क्वेअरजवळ, लॅटिन क्वार्टरमध्ये की साल्टहिलला समुद्रासमोर. सविस्तरच लिहिते, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी बुकिंगच्या साइटवर कळत नाहीत.

मी मूळची देवगडची. गॉलवेत बारा वर्षं झाली, त्यातली नऊ वर्षं हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर, आणि त्यातही बऱ्याचशा नाइट शिफ्ट. आता आपल्याकडून येणाऱ्या फॅमिलींच्या आयर्लंड ट्रिप बसवून देते. रात्री एक वाजता डोळे चोळत खाली येऊन "खोली बदलून द्या हो" म्हणणारी इतकी माणसं बघितलीयत की मुक्कामाचा विषय निघाला की माझं पहिलं बोलणं झोपेवरच येतं.

पण त्याच्याही आधी तारखा. जुलैचा शेवट म्हणजे गॉलवे रेसेस. घोड्यांच्या शर्यती, सोमवार ते रविवार सात दिवस, शहराच्या पूर्वेला बॅलीब्रिटच्या रेसकोर्सवर, आणि त्या आठवड्यात हे शहर वेगळंच असतं. सुटाबुटातली माणसं, मोठाल्या हॅट घातलेल्या बायका, दुपारपासून पब ओसंडून वाहतायत, टॅक्सी मिळत नाही, आणि खोल्यांचे भाव असे की तेवढ्यात एरवी दोन ट्रिप होतील. बरीच हॉटेलं तेव्हा तीन-चार रात्री एकदम घेतल्याशिवाय खोली देत नाहीत. बरं, इंग्लंडात राहणाऱ्यांची इथे अजून एक गफलत होते, तुमच्याकडे उन्हाळ्यातला बँक हॉलिडे ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी आणि आयर्लंडात तो पहिल्या सोमवारी, म्हणजे तुम्हाला वाटतं साधा वीकेंड आहे आणि इथे अख्खा देश पश्चिमेकडे निघालेला असतो. रेसेस त्याच सोमवारच्या आधीचा आठवडा. त्याच्याही आधीचे दोन आठवडे आर्ट्स फेस्टिव्हलचे, ते मात्र मला मनापासून आवडतं, रस्त्यावर कार्यक्रम, मोठाले पुतळे नाचवत मिरवणुका, लहान मुलांना तर पर्वणीच, पण खोल्या तेव्हाही महाग.

म्हणून पहिला सल्ला हाच, जमत असेल तर तारखा पुढे ढकला आणि आयर्लंडचा बँक हॉलिडे उलटल्यावर, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात या. सोमवार ते शुक्रवार अशा चार रात्री घ्या, शुक्रवार-शनिवारची रात्र गॉलवेबाहेर काढा. फक्त एवढं केलंत तरी जागेचा निम्मा प्रश्न सुटतो. सप्टेंबर वगैरेचा विचार असेल तर शेवटच्या वीकेंडला ऑयस्टर फेस्टिव्हल असतं, १९५४ पासून चालू आहे, तेव्हाही गर्दी.

आता शहर. गॉलवे हे ८५ हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. हो, मी गावच म्हणते, कारण एअर स्क्वेअरपासून स्पॅनिश आर्चपर्यंत, म्हणजे रेल्वे स्टेशनपासून नदी समुद्राला मिळते तिथपर्यंत, रमतगमत चाललात तरी दहा-बारा मिनिटं. त्यामुळे "सेंट्रल लोकेशन"साठी जास्तीचे पैसे मोजायची जी सवय आपल्याला लंडन-पॅरिसने लावलीय ती इथे फारशी उपयोगाची नाही. कुठेही राहिलात तरी दिवस तोच, शॉप स्ट्रीटवर वाजवणारी पोरं, सेंट निकोलस चर्चच्या बाजूचा वीकेंडचा बाजार, क्लॅडॅगचे हंस, प्रॉमवरचा, म्हणजे समुद्रकाठच्या फिरायच्या रस्त्यावरचा वारा. बदलते ती रात्र. कुठल्या खिडकीखाली झोपलात त्यावर ट्रिप चांगली की वाईट ते ठरतं, आणि तुमच्यासोबत दोन ज्येष्ठ आणि एक लहान मूल आहे म्हणून तर नक्कीच.

हे मी स्वतःवरून सांगते. गॉलवेत आल्यावर पहिल्याच वर्षी सासू-सासरे आले, आमचं घर एका खोलीचं, म्हणून हौसेने त्यांना जुन्या भागातल्या एका गेस्टहाउसमध्ये ठेवलं, दगडी रस्ता, रंगीत दुकानं, खिडकीत फुलं, फोटो बघूनच मी बुक केलं होतं. शनिवार होता. इथे पब सोमवार ते गुरुवार साडेअकराला बंद होतात, शुक्रवार-शनिवार साडेबारा, रविवारी अकरा, वर अर्धा तास ग्लास संपवायला, आणि ज्यांच्याकडे उशिराचं लायसन्स आहे ते अडीचपर्यंत. म्हणजे साडेबाराला एक लाट रस्त्यावर, अडीचला दुसरी, मग चिप्सच्या दुकानासमोर गाणी. त्यात गॉलवे हे हेन पार्टीचं, म्हणजे लग्नाआधी नवरीच्या मैत्रिणींच्या धमाल वीकेंडचं आवडतं ठिकाण. चारच्या सुमारास शांत झालं तर समुद्रपक्षी सुरू झाले, सीगल पहाटे जे ओरडतात ते छपरावर कोणी भांडतंय असं वाटतं. आणि नंतर पबचे रिकामे पिंप उचलायला ट्रक आला. सकाळी गेले तर सासूबाई आवरून पलंगाच्या कडेला बसलेल्या, एका शब्दाने तक्रार नाही, फक्त म्हणाल्या, "अगं इथली माणसं झोपतात कधी?" मला फार वाईट वाटलं. गेस्टहाउसची काही चूक नव्हती, चूक माझ्या निवडीची. तेव्हापासून मी कोणालाही जागा सुचवताना आधी विचारते की रात्री दहाला तुम्ही कुठे असणार आणि किती वाजता डोळा लागला पाहिजे.

तुमच्या बाबतीत याचं उत्तर कायद्यानेच दिलंय. पंधरा वर्षांखालच्या मुलांना आईवडिलांबरोबर पबमध्ये रात्री नऊपर्यंतच थांबता येतं, मे ते सप्टेंबर दहापर्यंत. म्हणजे लेक बरोबर असताना तुमची रात्र दहाला संपणारच. मग अडीचपर्यंत चालणाऱ्या रस्त्यावर खोली घेऊन करायचं काय? संगीत ऐकायचं असेल तर संध्याकाळी लवकर जा. मेनगार्ड स्ट्रीटवरच्या टिग कॉइलीमध्ये संध्याकाळीही सेशन असतं, कोपऱ्यातल्या टेबलाभोवती फिडल, बासरी, अ‍ॅकॉर्डियन घेऊन माणसं बसतात, स्टेज नाही, माइक नाही, आपल्याकडे भजनी मंडळ बसतं तसं. सासऱ्यांना बसायला जागा मिळेल अशा वेळेत जा म्हणजे झालं.

आता एकेक भाग घेते.

एअर स्क्वेअर. शहराचा चौक, मधोमध बाग, अधिकृत नाव केनेडी मेमोरियल पार्क कारण जॉन केनेडी १९६३ च्या जूनमध्ये इथे येऊन बोलले होते. ट्रेन आणि बसचं स्टेशन पाठीमागेच, आणि खासगी कोचचा तळ फेअरग्रीनला पाच मिनिटांवर. गाडी न घेता येणाऱ्यांसाठी, एकट्या बायकांसाठी, किंवा रोज सकाळी मोहर क्लिफ्सचे समुद्रकडे किंवा कॉनेमाराचा डोंगराळ भाग बघायला टूर बस पकडायच्या असतील त्यांच्यासाठी हा भाग एक नंबर सोयीचा, बॅग ओढत जास्त चालावं लागत नाही. इथली मोठी हॉटेलं बऱ्यापैकी नवी किंवा नीट दुरुस्त केलेली, लिफ्ट असते, खिडक्यांना डबल काच असते. पण चौकाच्या भोवती पब आणि क्लब आहेत, रात्री टॅक्सीची रांगही इथेच, त्यामुळे चौकाकडे तोंड केलेली खोली नको, मागची मागायची. याला लागून कॉलेज रोड, तिथे ओळीने बी अँड बी, म्हणजे नाश्त्यासकट खोली देणारी घरं आहेत, चालत दहा मिनिटं, रात्री चौकापेक्षा कितीतरी शांत, आणि बऱ्याच ठिकाणी दारात गाडी लावायला जागा. कमी बजेटवाल्यांना मी हा रस्ता हमखास सांगते.

लॅटिन क्वार्टर म्हणजे हाय स्ट्रीट, क्रॉस स्ट्रीट, 'की' (Quay) स्ट्रीट आणि खाली १५८४ च्या स्पॅनिश आर्चपर्यंतचा पट्टा. बघायला सगळ्यात सुंदर आणि झोपायला सगळ्यात अवघड. मी हा भाग वाईट म्हणत नाही, तुम्ही दोघंच असतात, लग्नाच्या वाढदिवसाला दोन रात्री, तर म्हटलं असतं बिनधास्त इथेच घ्या, रात्री खाली उतरा, गाणी ऐका, वर जाऊन झोपा. पण इथल्या इमारती जुन्या, जिने अरुंद, कित्येक ठिकाणी लिफ्ट नाही किंवा लिफ्ट आहे पण ती अर्ध्या मजल्यावर थांबते आणि पुढे चार पायऱ्या. रस्ते फक्त चालणाऱ्यांचे, म्हणजे टॅक्सी दारापर्यंत येईलच असं नाही, ओल्या दगडी फरशीवरून बॅगा आणि गुडघा दोन्ही सांभाळत जायचं. तुमच्यासाठी नको.

पूल ओलांडला की वेस्ट एंड. डॉमिनिक स्ट्रीट, सी रोड, हा माझा लाडका भाग, कारण इथे टुरिस्ट कमी आणि गाववाले जास्त, क्रेन बार आहे जिथे वरच्या मजल्यावर अजूनही लोक गाणं ऐकायला गप्प बसतात. डॉमिनिक स्ट्रीटवर मात्र रात्री 'की' स्ट्रीटइतकाच दंगा, रोशीन डूव्हसारखी गाण्याची ठिकाणं उशिरापर्यंत चालतात. युक्ती अशी की डॉमिनिक स्ट्रीट सोडून दोन गल्ल्या आत जायचं, फादर ग्रिफिन रोडच्या किंवा क्लॅडॅगच्या बाजूला. क्लॅडॅग म्हणजे जुन्या तटबंदीबाहेरचा इथला कोळीवाडा, १९३० च्या दशकात गवताने शाकारलेली घरं पाडून कौन्सिलची घरं बांधली, ती प्रसिद्ध अंगठी, दोन हातांत हृदय आणि वर मुकुट, याच वस्तीच्या नावाची. आज तिथे साधी राहती घरं, समोर पाणी, हंस, पलीकडे लाँग वॉकवरची रंगीत घरांची ओळ आणि मागे साउथ पार्कचं मोकळं मैदान. स्पॅनिश आर्च पाच-सात मिनिटांवर, सगळा रस्ता सपाट. हॉटेल फारसं नाही, पण एखादं अपार्टमेंट किंवा बी अँड बी मिळालं तर सोडू नका. देवगडच्या माणसाला भरती-ओहोटीचा वास आला की बरं वाटतं, तो वास मला गॉलवेत फक्त इथे येतो.

साल्टहिल. सेंटरपासून अडीच-तीन किलोमीटर, चालत अर्धा तास, एअर स्क्वेअरहून ४०१ नंबरची बस. समुद्रकाठचा लांबलचक प्रॉम, शेवटी ब्लॅकरॉकचा डायव्हिंग टॉवर जिथून लोक डिसेंबरातसुद्धा उड्या मारतात, आणि तिथल्या भिंतीला पायाने हलकी लाथ मारूनच मागे वळायचं अशी गॉलवेकरांची रीत, तुमची लेक रोज मारेल बघा. मुलांसाठी अ‍ॅटलांटाक्वेरिया म्हणजे मत्स्यालय आहे, लेझरलँडचा पोहण्याचा तलाव आहे, खेळायच्या जागा आहेत, आणि पावसाच्या दिवशी हे सगळं हाताशी असणं ही फार मोठी गोष्ट, कारण गॉलवेत पाऊस पडतो का हा प्रश्नच नाही, आज किती वेळा पडतो एवढाच. रात्री शांत. मेन रस्त्यावर पब आणि गेमिंग आर्केड आहेत, वीकेंडला तिथे थोडा आवाज, पण एक गल्ली मागे गेलं की काही ऐकू येत नाही. सासू-सासऱ्यांना सकाळी उठून समोर फिरायला प्रॉम, दर थोड्या अंतरावर बसायला बाक. गाडी लावायलाही सेंटरपेक्षा खूप सोपं.

साल्टहिलच्या दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. एक वारा. अटलांटिकवरून सरळ येतो, छत्री उलटी करतो, म्हाताऱ्या माणसाला खरोखर ढकलतो, म्हणून छत्र्या नको, टोपीवाले रेनकोट आणा. हिवाळ्यात तर वादळात प्रॉमचा रस्ताच बंद करतात, २०२५ च्या जानेवारीत इओविन वादळ आलं तेव्हा गॉलवे जिल्ह्यातच मेस हेडला ताशी १८० किलोमीटरच्या वर वारा मोजला गेला. ऑगस्टमध्ये तसलं काही नाही, पण जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्यांनी समुद्रासमोरची खोली घेताना हे डोक्यात ठेवावं, आणि स्पॅनिश आर्चच्या बाजूलाही, मोठी भरती आणि वादळ एकत्र आलं की तिथे रस्त्यावर पाणी येतं. दुसरी गोष्ट, "सी व्ह्यू" या शब्दाला भुलू नका. कधी कधी तो व्ह्यू म्हणजे दोन छपरांच्या फटीतून दिसणारी करडी पट्टी असते, आणि त्याचे पैसे वेगळे. समुद्र तुम्हाला दारातून बाहेर पडलं की दिसणारच आहे. त्या पैशात तळमजल्यावरची किंवा लिफ्टजवळची मोठी खोली घ्या.

युनिव्हर्सिटीची बाजू फार कमी लोकांना सुचते. जून ते ऑगस्ट विद्यार्थी घरी गेले की युनिव्हर्सिटी ऑफ गॉलवेच्या कॉरिब व्हिलेजसारख्या वसाहती पाहुण्यांना भाड्याने देतात. नदीकाठ, शांतता, चार-पाच खोल्या आणि एक किचन असा सगळा फ्लॅट तुमचा. पाच माणसांना हॉटेलच्या दोन-तीन खोल्या घेण्यापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडतं. बेड साधे, बरेचसे सिंगल, गालिचे-बिलिचे नाहीत, आणि सेंटर चालत पंचवीस मिनिटं तरी. हट्टेकट्टे असाल, दोन फॅमिली मिळून येत असाल तर उत्तम पर्याय. वाटेत कॅथीड्रल लागतं, आणि सॅमन वीअर पुलावर थांबून खाली पाण्यात बघितलं तर मोसमात समुद्रातून वर निघालेले सॅमन मासे दिसतात, लेकीला नक्की दाखवा.

पूर्वेला डब्लिन रोड, वेलपार्क, रेनमोर इथे मोठी हॉटेलं, पार्किंग, स्विमिंग पूल, दर बरे. पण सकाळ-संध्याकाळ त्या रस्त्यांवर ट्रॅफिक चिकट असतं आणि चालत जायचं तर गाड्यांच्या बाजूने. त्याच्याही पुढे ओरॅनमोर, तिथे २०१३ पासून रेल्वे स्टेशन आहे, दहा मिनिटांच्या आत गॉलवे, पण स्टेशन गावापासून जरा लांब आणि रात्री उशिरा ट्रेन नाही. रेस वीकमध्येच यावं लागलं तर मात्र मी ओरॅनमोर किंवा अ‍ॅथनराय सुचवेन. पश्चिमेला बार्ना आणि स्पिडल, तिथून आयरिश भाषेचा मुलूख सुरू होतो, पाट्या आयरिशमध्ये, दुकानात आयरिश ऐकू येते. गाडी असेल आणि शहराची फारशी ओढ नसेल तर स्वर्ग, गाडी नसेल तर ४२४ च्या बसवर अवलंबून राहावं लागतं.

गाडीबद्दल. डब्लिनच का? इंग्लंडहून शॅननला थेट विमानं आहेत, शॅननहून गॉलवे मोटरवेने तासाभराचा रस्ता, डब्लिन एअरपोर्टहून २०० किलोमीटरच्या वर. सासऱ्यांच्या गुडघ्याला एवढा वेळ एका जागी बसवू नका. शॅननला गाडी घ्या, लेकीसाठी बूस्टर सीट आधीच सांगा, दीडशे सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना इथे ती सक्तीची आहे. गॉलवेत पोचलात की मात्र गाडी मुक्कामाच्या ठिकाणी उभी करा आणि फक्त कॉनेमारा किंवा मोहर क्लिफ्सच्या दिवशीच बाहेर काढा. सेंटरला गाडी नेणं म्हणजे मध्ययुगीन गल्ल्यांच्या कडेकडेने पार्किंग शोधत फिरणं, अर्धी दुपार जाते. हॉटेलच्या पानावर "पार्किंग उपलब्ध" लिहिलेलं असलं तरी विचारा, स्वतःचं आहे की जवळच्या पार्किंगमधलं, रोजचे किती, आणि जागा राखून ठेवतात की जो आधी येईल त्याची.

आता हॉटेल, बी अँड बी की अपार्टमेंट. ज्येष्ठांबरोबर असताना तीन गोष्टी मी लेखी विचारून घेते. पायऱ्या: "रस्त्यापासून खोलीपर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत", नुसतं "लिफ्ट आहे का" नाही. बाथरूम: शॉवर बाथटबच्या आत आहे की जमिनीलगत. इथे कित्येक जुन्या ठिकाणी शॉवर टबमध्ये असतो, म्हणजे दीड-दोन फुटांची कड ओलांडून ओल्या टबात उभं राहायचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला ते अजिबात जमणार नाही, हात पकडायला काही नसतं. "वॉक-इन शॉवर" असा शब्द वापरा. आणि बेड: डबल म्हणजे दोघांना एकच पलंग, ट्विन म्हणजे दोन वेगळे, फॅमिली रूममधला तिसरा बेड कधी कधी घडीचा असतो. अजून एक बारीक गोष्ट, बी अँड बीमध्ये बरेचदा विजेवर चालणारा शॉवर असतो, त्याची एक दोरी छताला लोंबत असते, ती ओढून लाल दिवा लागल्याशिवाय पाणी येत नाही. सासूबाईंना पहिल्याच संध्याकाळी दाखवून ठेवा, नाहीतर सकाळी त्या बिचाऱ्या थंड बाथरूममध्ये उभ्या.

बी अँड बीची मजा यजमानीणबाईत असते. सकाळी नाश्ता वाढता वाढता ती गावाची सगळी खबर देते, आज वारा कुठला, बोट जाणार का, कुठल्या रस्त्याने जा. मी सिंधुदुर्गातली आहे म्हटल्यावर दोघीतिघींनी तरी मला लिओ वराडकरांचं विचारलंय, इथले माजी पंतप्रधान, त्यांच्या वडिलांचं गाव वराड, आमच्याच जिल्ह्यात मालवण तालुक्यात, आणि मग गप्पा अर्धा तास. नाश्ता भरपूर, अंडी, मश्रूम, भाजलेला टोमॅटो, बीन्स, ब्राउन ब्रेड, पण एक नक्की सांगते, ताटातलं "पुडिंग" गोड नसतं. ब्लॅक पुडिंग डुकराच्या रक्ताचं, व्हाइट पुडिंग डुकराच्या मांसाचं, गोल काळ्या-पांढऱ्या चकत्या असतात आणि आपली माणसं गोड समजून उचलतात. सासूबाई शाकाहारी असतील तर आदल्या रात्रीच सांगा, वेगळ्या तव्यावर करून देतात, मनापासून देतात.

पण पाच माणसं आणि चार रात्री म्हटल्यावर माझा कल अपार्टमेंटकडे. संध्याकाळी भिजून आल्यावर मुगाची खिचडी, सकाळी सासऱ्यांना त्यांच्या वेळेला चहा, याने मोठी माणसं ट्रिपमध्ये खुश राहतात. फक्त फोडणी करताना एक्झॉस्ट चालू, खिडकी उघडी आणि किचनचं दार बंद, मोहरी-हिंग जरा करपलं की स्मोक अलार्म वाजतो आणि काही इमारतींत तो अख्ख्या इमारतीचा वाजतो. घरगुती अपार्टमेंट घेताना अजून एक, जुलै २०१९ पासून गॉलवेसारख्या शहरांत घर थोड्या दिवसांसाठी भाड्याने द्यायला कडक नियम आहेत, राहत्या घरांची टंचाई आहे म्हणून. त्यामुळे जुने, भरपूर रिव्ह्यू असलेले, रीतसर चालणारे अपार्टमेंटच घ्या, आणि साइटच्या बाहेर बँकेत पैसे भरायला सांगणाऱ्याला नाही म्हणा. हे वाचणाऱ्यांत कोणी सप्टेंबरला शिकायला येणारी मुलं असतील तर त्यांना तर हात जोडून सांगते, घर बघितल्याशिवाय, किंवा ओळखीच्या कोणी जाऊन बघितल्याशिवाय डिपॉझिट पाठवू नका. आणि पहिले दोन-तीन आठवडे होस्टेलचा बेड उन्हाळ्यातच बुक करून ठेवा, सप्टेंबरमध्ये तोही मिळत नाही.

फ्रंट डेस्कच्या आतली एक गोष्ट. तुम्ही बुकिंग करता तेव्हा खोलीचा प्रकार नक्की होतो, नंबर नाही. नंबर आम्ही आदल्या संध्याकाळी किंवा त्याच दिवशी सकाळी लावतो. साइटवरच्या छोट्या चौकटीत लिहिलेली विनंती कधी दिसते, कधी दिसत नाही. म्हणून बुकिंगनंतर एक साधा ईमेल करा आणि येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी फोन करा. काय सांगायचं ते नेमकं सांगा: मागच्या बाजूची, बार आणि लिफ्टच्या भिंतीला लागून नसलेली, दोन्ही खोल्या एकाच मजल्यावर, सासऱ्यांच्या गुडघ्यामुळे वॉक-इन शॉवर. "चांगली खोली द्या" म्हटलं की डेस्कवरचा माणूस काहीच करू शकत नाही, कारण पुष्कळांना चांगली म्हणजे रस्त्याकडची, गंमत दिसणारी. आणि कारण सांगा, गुडघा, लहान मूल, हे ऐकल्यावर इथली माणसं खरंच धडपड करतात, मी स्वतः केलीय आणि माझ्या सोबतच्या प्रत्येकीला करताना बघितलंय. जाड पडदे आहेत का तेही विचारा, उन्हाळ्यात रात्री दहा-साडेदहापर्यंत उजेड असतो आणि पहाटे पाचला परत लख्ख, लेकीला झोपवणं कठीण जातं.

तर तुमच्यासाठी मी असं बसवेन. ऑगस्टचा दुसरा आठवडा, सोमवार ते शुक्रवार, शॅननहून गाडी. पहिली पसंती क्लॅडॅग किंवा लोअर साल्टहिलमध्ये तळमजल्यावरचं दोन-तीन बेडरूमचं अपार्टमेंट, पार्किंगसकट, म्हणजे एका बाजूला चालत स्पॅनिश आर्च आणि दुसऱ्या बाजूला प्रॉम. ते नाही मिळालं तर साल्टहिलमध्ये लिफ्टवालं हॉटेल, दोन खोल्या जवळजवळ, सेंटरला जाताना बस, येताना सगळे दमले असतील तर टॅक्सी, पाच जण आहात म्हणून मोठी गाडी सांगून मागवा. तारखा बदलणं शक्यच नसेल तर आजच, म्हणजे खरंच आज, ओरॅनमोरच्या बाजूला रद्द करता येईल असं काहीतरी धरून ठेवा.

रद्द करता येईल असं का म्हणते तर व्हिसामुळे. सासू-सासऱ्यांच्या यूके व्हिसावर आयर्लंडला येता येतं की वेगळा लागतो हे आयरिश इमिग्रेशनच्या साइटवर त्यांच्या व्हिसाचा प्रकार बघून आधी खात्री करा, सरसकट चालतो असं धरू नका, आणि शेंगेन व्हिसा असला तरी इथे उपयोग नाही, आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. तोपर्यंत नॉन-रिफंडेबल काहीही घेऊ नका, थोडं स्वस्त दिसलं तरी. तारखा पुढे जातायत का तेवढं कळवा, आणि सासरे किती पायऱ्या आरामात चढतात तेही, त्यावरून कुठल्या रस्त्यावर शोधायचं ते सांगते.